‘रस्ता द्या’

रस्त्याच्या कडेला सरकारने उभारलेल्या फलकांत एक फलक शीर्षासन करून उभा असलेला वाचकांनी पाहिला असेल. पांढरा त्रिकोण, त्याला तांबडी किनार, आणि टोक मात्र खाली. त्यावर अक्षर नाही, बाण नाही, चित्र नाही. पुष्कळांना तो चुकून उलटा ठोकला गेला आहे असे वाटते. कित्येकांच्या तो दृष्टीसही पडत नाही. वास्तविक मोटारवाहन कायद्याने ज्या आज्ञा अवश्य पाळावयास सांगितल्या आहेत, त्यांपैकी ती एक आज्ञा आहे. तिचा अर्थ दोन शब्दांत संपतो : ‘रस्ता द्या.’ या दोन शब्दांविषयी आज चार शब्द लिहावे, असे आम्ही योजिले आहे.

रस्त्यावरील फलकांची एक भाषा आहे आणि ज्याला अक्षरओळख नाही, त्यालाही ती अर्ध्या तासात शिकता येते. टोक वर असलेला त्रिकोण सावध करतो : पुढे वळण आहे, शाळा आहे, रेल्वेचे फाटक आहे. वर्तुळ आज्ञा देते अथवा मनाई करते. चौकोन माहिती सांगतो. परंतु दोन आज्ञा इतक्या मोलाच्या मानल्या गेल्या की, त्यांना इतर आज्ञांच्या पंगतीत न बसविता स्वतंत्र आकार दिला गेला. ‘थांबा’ हा फलक तांबडा व अष्टकोनी, आणि ‘रस्ता द्या’ हा उलटा त्रिकोण. धुळीने माखला, रंग उडाला, तरी नुसत्या आकारावरून तो ओळखता यावा. इतकेच नव्हे, तर पाठीमागून पाहणाऱ्यालाही समोरच्या माणसास काय आज्ञा झाली आहे हे कळावे, हा त्यातील लाभ आहे. अमेरिकेत या आज्ञेचा पहिला फलक १९५० साली टल्सा नावाच्या शहरात लागला, आणि तो क्लिंटन रिग्ज या पोलीस अधिकाऱ्याच्या कल्पनेतून निघाला होता. पुढे १९६८ साली व्हिएन्ना येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने रस्त्यावरील खुणांना पुष्कळशी एकवाक्यता आणली. आज अनेक देशांत हा उलटा त्रिकोण एकच गोष्ट सांगतो.

धर्मगुरूने मिस्सा व प्रार्थना सोडून वाहतुकीच्या फलकांवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर आम्हांस दूर शोधावे लागत नाही. भारत सरकारच्याच अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशातील रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली; म्हणजे दररोज साडेचारशेहून अधिक. ज्यांच्या शवपेटीवर आमच्या हातून पवित्र पाणी शिंपडले गेले, त्यांत पिकल्या पानांबरोबर वीस-बावीस वर्षांची मुलेही आहेत. अशा मुलाच्या आईला काय सांगावे, हे सेमिनरीत कोणी शिकविलेले नसते. आम्ही तिच्याजवळ बसून राहतो, एवढेच. पण जे पुरल्यानंतर सांगता येत नाही, ते आधी सांगणे आमचे कर्तव्य नाही काय?

आपल्या मुलखाकडे पाहावे. नागपूरहून निघालेला रस्ता सावनेरला फुटतो. एक फाटा पांढुर्ण्यावरून बैतूलकडे जातो, दुसरा सौसरवरून छिंदवाड्याकडे. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौसर त्यात आले. आंबिया बहाराची संत्री निघू लागली की, बागेतून ट्रॅक्टर-ट्रॉल्या निघतात, मालमोटारी निघतात, कापसाच्या गाड्या निघतात, आणि त्या सर्वांच्या मधून तीन-तीन मुले पाठीवर घेतलेली फटफटी निघते. वावरातून पांदणीने आलेली बंडी ज्या क्षणी डांबरी रस्त्याला लागते, त्या क्षणी दोन युगे एकमेकांस भेटतात. त्या भेटीत आधी कोणी जावे, हा प्रश्न प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक चौकात उभा असतो.

या प्रश्नाला माणसाने शोधलेले एक सुंदर उत्तर म्हणजे गोल चौक. नागपुरास गेलेल्या वाचकांनी असे चौक पाहिले असतील. मध्यभागी गोल बेट, त्यावर हिरवळ किंवा एखादा पुतळा, आणि भोवती फिरणारी वाहने. असा चौक जवळ आला म्हणजे आधी सावध करणारा त्रिकोण दिसतो. त्यात तीन बाण एकमेकांच्या पाठीमागे फेर धरून असतात. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. म्हणून मधले बेट उजव्या हाताला ठेवून घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरावयाचे. आमचे हिंदू शेजारी देवळास प्रदक्षिणा घालतात, तीच ही दिशा. मग पाहा, आत फिरणारे प्रत्येक वाहन नव्याने शिरणाऱ्याच्या उजव्या हाताकडूनच येते. म्हणून नियम असा की, शिरणाऱ्याने वेग कमी करावा, उजवीकडे पाहावे, आत असलेल्यास आधी जाऊ द्यावे आणि मोकळी जागा मिळताच शिरावे. चौकात शिरताना सामान्यतः उजव्या हाताकडून येणाऱ्यास वाट द्यावी, असे १९८९ च्या रस्तेनियमांत होतेच. २०१७ च्या नव्या विनियमांनी गोल चौकाविषयी स्पष्टच सांगितले की, जो आत आहे त्याचा हक्क आधी. अर्थात जेथे पोलीस उभा असेल अथवा दिवा असेल, तेथे त्याची आज्ञा प्रथम.

हा साधा नियम माणसाला एकदम सुचला नाही, हे वाचकांस सांगितले पाहिजे. न्यूयॉर्क शहरात १९०५ साली व पॅरिसमध्ये १९०७ साली वाहनांना एकाच दिशेने गोल फिरविण्याची पद्धत सुरू झाली. परंतु आधी कोणी जावे, हे नीट ठरलेले नव्हते. ब्रिटनमध्ये मोटारी वाढल्या, तेव्हा गोल चौक गच्च भरून जात आणि जागच्या जागी गोठत. आतल्याला बाहेर पडता येईना, कारण पुढची वाट नव्याने शिरलेल्यांनी अडविलेली; आणि बाहेरच्याला आत शिरता येईना, कारण आतला हलेना. अखेर १९६६ च्या नोव्हेंबरात तेथे ठरले की, शिरणाऱ्याने आतल्यास वाट द्यावी. रस्ते तेच, मोटारी त्याच. पण गाठ सुटली.

असे का झाले, हे पांढुर्णा स्टेशनावर उभे राहिल्यास कोणालाही समजेल. गाडी येते. डब्याच्या दारात उतरणारे उभे असतात आणि फलाटावर चढणारे. चढणाऱ्यांनी आधी मुसंडी मारली, तर दोघेही दारातच अडकतात; ट्रंक आडवी, पोर रडते, आणि गाडीची शिटी होते. उतरणाऱ्यांना आधी उतरू दिले, तर डबा रिता होतो आणि चढणाऱ्यालाच बसावयास जागा मिळते. म्हणजे दुसऱ्याला वाट दिल्याने आपली वाट मोकळी होते. गोल चौकाचे सारे शास्त्र एवढ्यात आले.

त्याशिवाय त्यात आणखी एक लाभ आहे. सरळ चौकात दोन वाहने काटकोनात आणि भरवेगाने एकमेकांवर आदळतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात १६ मीटरहून अधिक अंतर तोडते. डोळ्यांनी पाहून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एवढी जमीन मागे गेलेली असते. गोल चौक सर्वांनाच वळावयास लावतो, म्हणून वेग आपोआप उतरतो. आणि चूक झालीच, तर धक्का तिरपा व हलका बसतो. ज्या चौकांचे असे गोल चौक केले, तेथे गंभीर अपघात तीनचतुर्थांशांहून अधिक घटले, असा अमेरिकेतील अनुभव आहे. माणूस चुकणारा प्राणी आहे, हे धरून चाललेली ही रचना आहे. ख्रिस्तसभाही माणसाविषयी नेमके हेच धरून चालते, आणि म्हणूनच तिने पापनिवेदनाची सोय ठेवली आहे.

यावर आमच्या तरुण वाचकांचे म्हणणे आम्हांस ठाऊक आहे. “फादर, हे पुस्तकात ठीक आहे. रस्त्यावर मी थांबलो, तर मागचा हॉर्न वाजवितो, शेजारचा हसतो आणि समोरून येणाऱ्यांची रांग काही संपत नाही. इथे ज्याची गाडी मोठी, त्याचा रस्ता.” या बोलण्यात सत्यांश आहे. आपल्याकडे मालमोटारीच्या पाठीवरच ‘हॉर्न ओके प्लीज’ असे रंगविलेले असते, आणि हॉर्न हीच रस्त्याची मातृभाषा झालेली आहे. समोरच्या दिव्याचेही तेच. काही देशांत चालकाने दिवा एकदा उघडझाप केला, म्हणजे ‘तुम्ही आधी या’ असा रिवाजाने अर्थ होतो. आपल्याकडे तोच दिवा ‘मी येतो आहे, बाजूला व्हा’ असे बजावतो. दिवा एकच, पण तो लावणाऱ्या मनात अंतर आहे.

तथापि वाट देणे ही परदेशातून आणलेली चाल आहे, असे मात्र कोणी समजू नये. पांदणीतून दोन बंड्या समोरासमोर आल्या म्हणजे काय करीत, हे गावातील वृद्धांना विचारावे. रिकाम्या बंडीने चाकोरी सोडावयाची आणि भरलेल्या बंडीला जाऊ द्यावयाचे. त्याचे कारण उघड आहे. भरलेल्या गाडीचे चाक चाकोरीतून बाहेर काढताना बैलांच्या माना मोडतात; रिकामीचे सहज निघते. तेथे फलक नव्हता, पोलीस नव्हता, दंड नव्हता. ज्याला कमी कष्ट, त्याने बाजूला व्हावे, एवढा न्याय प्रत्येकाच्या अंगी मुरलेला होता. शिवाय समोरच्या माणसाचे तोंड दिसत होते. मोटारीच्या काचेआड तोंड दिसेनासे झाले, आणि समोर माणूस नसून अडथळा आहे असे वाटू लागले. आमच्या मते रोगाचे मूळ येथे आहे.

पांढुर्ण्याचे नाव दूरवर ज्या गोष्टीमुळे ऐकू येते, ती गोटमार या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. एका काठावर पांढुर्ण्याचे लोक, दुसऱ्या काठावर सावरगावचे. आणि मग दगड चालतात. दर वर्षी अनेक जखमी होतात. काही वर्षी जीवही गेले आहेत. कोणाच्या परंपरेस नावे ठेवण्यासाठी आम्ही लेखणी उचललेली नाही. पण तिच्या मुळाशी जी दंतकथा सांगतात, ती विचार करण्याजोगी आहे. पांढुर्ण्याचा एक तरुण सावरगावच्या मुलीला घेऊन नदी ओलांडीत होता. ती दोघे मध्यावर आली असता मुलीकडच्यांनी त्यांना गाठले आणि दगड फेकले. ते पाहून मुलाकडच्यांनीही दगड उचलले. वडीलधाऱ्यांच्या संमतीवाचून त्यांनी केले ते योग्य होते, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु त्या घटकेला त्या दोन जिवांना हवी होती ती पलीकडे जाण्यापुरती वाट. दोन्ही काठांना आपापला मान राखावयाचा होता. मान दोघांचाही राहिला. मधली दोघे मात्र, कथेप्रमाणे, प्रवाहातच राहिली. बहुतेक भांडणांत असेच घडते. भांडणारे काठावर सुरक्षित असतात आणि दगड लागतात ते मध्ये सापडलेल्यांना.

याच्या उलट चित्र पवित्र शास्त्रात आहे. अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट यांची गुरेढोरे इतकी वाढली की, चराईस जमीन पुरेना आणि दोघांच्या गुराख्यांत तंटे होऊ लागले. अब्राहाम वयाने मोठा, नात्याने काका. परमेश्वराचे वचन त्यालाच मिळालेले. हक्क सर्वतोपरी त्याचा. तरी तो पुतण्याला म्हणाला की, आपण भाऊबंद आहोत, आपल्यात तंटा नको. तू डावीकडे गेलास तर मी उजवीकडे जाईन, तू उजवीकडे गेलास तर मी डावीकडे. लोटाने यार्देनकाठची पाणथळ, हिरवी जमीन उचलली. अब्राहामाचे काय बुडाले? लोट गेल्यावर परमेश्वराने त्याला डोळे वर करून चारी दिशांना पाहावयास सांगितले आणि दिसेल तेवढी सारी भूमी त्याच्या वंशाला देऊ केली. ज्याच्या हाती हक्क असतो, त्यानेच वाट दिली तर ती खरी देणगी ठरते. ज्याच्यापाशी काहीच नाही, तो वाट देत नाही. त्याच्याकडून ती घेतली जाते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. वाट देणे म्हणजे वाटेल तेथे थांबणे नव्हे. काही सज्जन माणसे गोल चौकाच्या आत असताना, स्वतःचा हक्क असूनही, बाहेरच्यावर कृपा करण्यासाठी मध्येच थांबतात. मागून येणाऱ्याला हे कसे कळावे? तो येऊन आदळतो. प्रीतीलाही क्रम असतो, असे संत थॉमस अक्वायनस यांनी शिकविले आहे. ज्याचे देणे आहे त्याला आधी द्यावे. मग औदार्य करावे. म्हणून शिरताना नम्रपणे थांबावे, हक्क मिळाल्यावर न डगमगता चालावे, बाहेर पडताना डाव्या हाताचा दिवा दाखवावा, आणि मोठ्या मालमोटारीच्या डाव्या कुशीत कधीही घुसू नये. कारण वळताना तिची मागील चाके आतल्या बाजूने येतात, आणि उंचावर बसलेल्या चालकाला तेथली फटफटी दिसत नाही.

पायी चालणारा आणि सायकलवाला यांच्या बाबतीत मात्र औदार्याचा हिशेब करू नये. २००७ च्या जूनमध्ये, स्थलांतरित व प्रवासी यांच्या आध्यात्मिक सेवेसाठी असलेल्या रोममधील परमधर्मपीठाच्या मंडळाने, रस्त्यावरील जीवनाविषयी मार्गदर्शन प्रसिद्ध केले, आणि त्यात वाहनचालकांसाठी दहा आज्ञा दिल्या. त्यांतील पहिली आज्ञा खून न करण्याची आहे, हे वाचून अनेकांना नवल वाटेल. सिनाय पर्वतावरील ही आज्ञा रस्त्यावरही लागू आहे, असे पवित्र सभेने स्पष्ट सांगितले. वाहन हे सत्ता गाजविण्याचे साधन होऊ नये, असे तेथे म्हटले आहे. आणि नववी आज्ञा दुर्बळाचे रक्षण करण्याविषयी आहे. प्रवासास निघताना क्रुसाची खूण करावी, हेही त्या मार्गदर्शनात आहे. आपली माणसे ती करतातच. परंतु कपाळावर क्रूस काढलेला हात पुढच्याच चौकात शेजाऱ्यावर उगारला जाऊ नये, इतकीच आमची विनंती.

आईबापांनाही दोन शब्द. मुलगा फटफटी चालवू लागला की, बापाची छाती फुगते. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायदा असा आहे की, अठरा वर्षांखालील मुलाने वाहन चालवून गुन्हा केला, तर पालकाला किंवा वाहनाच्या मालकाला दोषी धरून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो. रुग्णवाहिकेसारख्या तातडीच्या वाहनास वाट न देणाऱ्याला दहा हजार रुपये दंड अथवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. हे आकडे भीती घालण्यासाठी आम्ही दिलेले नाहीत. पण त्या रुग्णवाहिकेत आपलाच कोणी असेल, एवढा विचार ज्याच्या मनात येतो, त्याला कायद्याचे कलम पाठ करावे लागत नाही. आणि हा विचार मूल घरात शिकते. ताट आधी कोणाला वाढले, आजोबांना बसावयास कोणी उठून जागा दिली, दोन भावांत आधी कोण गप्प बसला, हे ते पाहत असते. पुढे हातात वाहन आले की, तेच चौकात करते.

आणि आमच्या शेतकरी बंधूंनो, चौक केवळ रस्त्यावर नसतात. एक हात धुऱ्यासाठी सख्खे भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवितात. संत्र्याच्या बागेत जाणारी पांदण कोणी नांगरून टाकली, यावरून दोन घरांचे बोलणे तुटते, आणि रविवारी ती दोन्ही घरे एकाच वेदीसमोर दोन कडांना बसतात. गुडघे दोघांचेही टेकलेले असतात, पण वाट कोणीच देत नाही. त्यांच्या दरम्यानही एक उलटा त्रिकोण उभा आहे, असे आम्हांस वेदीवरून दिसते. प्रभू येशूने अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावयास सांगितले, ते याच लोकांना. दोघांपैकी जो आधी बाजूला होईल, त्याच्या वावरातील हात-दीड हात जमीन कदाचित जाईल. पण दोन्ही घरांतील मुलांना एकमेकांच्या अंगणात जावयास वाट मिळेल.

तेव्हा वाचकहो, यापुढे तो उलटा त्रिकोण दिसेल, तेव्हा वेग कमी करा, उजवीकडे पाहा, आणि जो आधीच वाटेत आहे त्याला जाऊ द्या. त्यात चार क्षण जातील. पांढुर्ण्याहून नागपूरला जाणाऱ्याने ते वाचविले, तरी तो त्या चार क्षणांत तेथे असे काय मिळविणार आहे? उलट ते चार क्षण दिल्याने कोणाचा तरी मुलगा संध्याकाळी घरी जेवावयास बसेल, आणि कदाचित तो आपलाच असेल. वाटेवर असलेल्या सर्वांना, पायी चालणाऱ्यांना, बंडीवाल्यांना, मालमोटारीच्या चालकांना आणि फटफटीवरच्या आपल्या पोरांना, प्रभू सुखरूप आपापल्या दारी पोहोचवो.